३१ डिसेंबरनंतरच्या सह्या

रजिस्ट्रेशन नंबर कोणतीही नर्स झोपेतसुद्धा सांगेल. माझाही मला पाठ आहे आणि तो जन्मभर तोच राहणार आहे. गफलत इथेच होते. नंबर कायमचा असला तरी त्या नंबरावर काम करायची मुभा दर पाच वर्षांनी नव्याने घ्यावी लागते. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोम्याला असताना महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ यावर टीप लिहून मी चांगले मार्क मिळवले आहेत. तरी माझी मुदत ३१ डिसेंबर २०२२ ला संपली आणि नव्या वर्षात मी ड्युट्या करत राहिले. गुढीपाडवा जवळ येईपर्यंत नकळत. त्यानंतर काही दिवस कळून-सवरून. मला सांगायचं आहे ते मुख्यतः या दुसऱ्या भागाबद्दल.

मी कार्ल्यात राहते. ज्या रुग्णालयात मी वॉर्ड इन्चार्ज आहे ते याच पट्ट्यात आहे. त्याचं नाव इथे घेत नाही. आमच्याकडे येणारे पेशंट म्हणजे मावळची भातशेतीची माणसं, हायवेचे अपघात, पावसाळ्यात भाज्याच्या धबधब्यावर घसरलेले शहाणे आणि एकवीरेला आलेले भाविक. २०२३ च्या मार्चमध्ये रुग्णालयाने एनएबीएचची, म्हणजे रुग्णालयांच्या दर्जाच्या मान्यतेची तयारी काढली. त्यात प्रत्येक नर्सची फाइल लागते: डिप्लोमा, रजिस्ट्रेशन, चालू रिन्यूअल, बीएलएसचं सर्टिफिकेट, हेपॅटायटिस बीच्या लशीची नोंद. फायली गोळा करायचं काम माझ्याकडे आलं आणि मला ते आवडलं. लोकांच्या कागदांत उणं काढण्यात एक सुख असतं.

एका मुलीच्या फायलीत रिन्यूअलची प्रत नव्हती. नर्सिंग स्टेशनवर, दोन मावशी आणि एक ब्रदर उभे असताना, मी तिला बोलले. "उद्या नातेवाइकांनी विचारलं, ह्या नर्स आहेत कशावरून, तर काय दाखवणार? चेहरा?" ती म्हणाली, "मॅडम, अर्ज केलाय, पावती आहे." मी म्हटलं, पावतीने पेशंट बरा होत नाही. हे वाक्य मला तेव्हा फार झकास वाटलं होतं.

त्या रात्री स्वतःची फाइल भरायला कपाटातून कागद काढले. रिन्यूअलचा कागद मी मागे लोणावळ्यात लॅमिनेट करून घेतला होता, म्हणजे तो खराब होणार नाही. खराब झालाही नव्हता. त्यावर तारीख स्वच्छ वाचता येत होती.

आधी वाटलं, २०२७ असेल, आपणच चुकीचं वाचतोय. मग उजेडात धरून पाहिलं.

हे झालं कसं, याचं उत्तर लाजिरवाणं आहे. त्याच्या पाच वर्षं आधी मी दुसऱ्या ठिकाणी नोकरीला होते. तिथल्या क्लार्कने सगळ्या स्टाफचे कागद एकगठ्ठा घेतले, पैसे पगारातून वळते केले आणि रिन्यूअल करून आणून दिलं. मी फक्त सही केली. ते काम माझं आहे, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. पगार जसा आपोआप खात्यात जमा होतो, तसं तेही होत असावं अशी समजूत. मधल्या काळात नोकरी बदलली, मोबाइल नंबर बदलला. त्यात २०२० आणि २०२१. त्या दोन वर्षांत माझा काळाचा हिशेबच बिघडला. आजही मी 'परवाच' म्हणते तेव्हा ते कोविडच्या आधीचं असतं. पण कोविडवर ढकलायची इच्छा नाही. कोविड सगळ्यांनाच होता आणि त्या पावतीवाल्या मुलीने अर्ज वेळेत केलाच होता.

इथवर झाली ती चूक. सकाळी उठून मेट्रन मॅडमना फोन केला असता तर हे अनुभवकथन अर्ध्या पानात संपलं असतं.

मी सकाळी उठले, डबा भरला, मळवलीहून लोकल पकडली आणि ड्युटीवर गेले. स्वतःला सांगितलं की आज हँडओव्हर देऊन सांगू. हँडओव्हर झाला. मग सांगितलं की चैत्रातली यात्रा होऊ दे. हे कारण अगदीच खोटं नव्हतं. यात्रेच्या दिवसांत एकवीरेला मुंबई, ठाणे, रायगडहून कोळी-आगरी पालख्या येतात, कार्ला फाट्यापासून वेहेरगावापर्यंत माणसांचा पूर असतो आणि आमच्याकडे चक्कर येऊन पडलेले, पायऱ्यांवर घसरलेले, बीपीच्या गोळ्या घरी विसरलेले यांची रांग लागते. दोन मुली सुट्टीवर होत्या. मी बाजूला झाले तर वॉर्ड कोण बघणार, असा माझा युक्तिवाद. खरं कारण वेगळं होतं. ज्या स्टेशनवर मी त्या मुलीला बोलले होते, तिथेच उभं राहून मला हे सांगावं लागणार होतं.

मधल्या दिवसांत मी काय काय केलं ते आता आठवलं की कानशिलं तापतात. गुपचूप ऑनलाइन अर्ज भरायला बसले. ओटीपी नर्सिंग कौन्सिलकडे नोंदवलेल्या जुन्या मोबाइलवर जायला लागला. तो नंबर मी बदलला त्याला जमाना झाला होता आणि कळवायला अर्थातच विसरले होते. रजिस्ट्रेशन माहेरच्या नावावर, आधार सासरच्या. डिप्लोम्यावर वडिलांचं नाव मधे, बँकेत नवऱ्याचं. लग्न झाल्यावर सासरी हौसेने नाव लिहिलं जातं तांदळाच्या ताटात. कौन्सिलच्या नोंदीत ते लिहायचं कोणाच्या ध्यानात राहत नाही. माझ्याही राहिलं नव्हतं.

मग मैत्रीण. माझ्या बॅचची एक इंग्लंडमध्ये आहे. तिला मेसेज केला की आमच्याकडच्या एका सिस्टरचं असं असं झालंय, तुमच्याकडे काय करतात? ती म्हणाली, आमच्याकडे दर तीन वर्षांनी रिव्हॅलिडेशन असतं, त्यात ४५० तास प्रत्यक्ष कामाचे आणि ३५ तास शिक्षणाचे दाखवावे लागतात, शिवाय फी दर वर्षी. रजिस्टर सगळ्यांना खुलं, पेशंटसुद्धा नाव टाकून बघू शकतो. मुदत गेली की त्या मिनिटापासून नर्स म्हणून काम बंद. मी लिहिलं, फारच कडक बाई. तिने लगेच फोनच केला. "सिस्टरचं झालंय की तुझं?"

मी म्हटलं, अगं, सिस्टरचंच.

"मग त्या सिस्टरला सांग, उद्या ड्युटीवर जाऊ नको."

मी दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेले.

या सगळ्यात मला आधार कोणाचा सापडावा? फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा. दर १२ मेला आम्ही तिच्या फोटोसमोर मेणबत्त्या लावतो, शपथ घेतो. पण नर्सची सरकारी नोंदणी असावी याला या बाईंचा विरोध होता, हे फार कमी जणींना माहीत असतं. परीक्षा आणि यादीतलं नाव यावरून चांगली नर्स ओळखता येत नाही, असं तिचं म्हणणं. नोंदणीसाठी आयुष्यभर भांडल्या त्या एथेल बेडफर्ड फेनविक. न्यूझीलंडने १९०१ मध्येच कायदा केला, ब्रिटनला १९१९ उजाडलं, आणि १९२१ मध्ये तिथलं रजिस्टर उघडलं तेव्हा पहिलं नाव याच बाईंचं लागलं. त्या दिवसांत मी मनातल्या मनात नाइटिंगेलच्या पक्षात होते. मला सलाईन लावता येतं, कोसळणारा पेशंट दारातून ओळखता येतो, मग तारखेचं एवढं काय?

तारखेचं काय ते कळलं यात्रेची गर्दी ओसरल्यावर. दुपारची वेळ. ट्रेकला आलेल्या एका गृहस्थांना मधमाश्या चावल्या होत्या. चाळिशीचा माणूस, चेहरा सुजलेला, ओठ जाड झालेले, अंगावर गांधी. सोबत बायको आणि मुलगी. तो बोलत होता पण आवाज घोगरा येत होता, आणि मला तो आवाज आवडला नाही. बीपी लावलं, वरचं ऐंशीच्या घरात. ड्युटीवरचे डॉक्टर नवीन होते. ते म्हणाले, एव्हिल, हायड्रोकॉर्ट द्या, सलाईन सोडा. आमच्या भागात गेली कित्येक वर्षं मधमाशीवर हेच चालत आलंय. मी म्हटलं, सर, अ‍ॅड्रेनलिन आधी? मांडीत? ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, हो, अर्धा एमएल, इंट्रामस्क्युलर. मी मोठ्याने परत म्हटलं: अ‍ॅड्रेनलिन, एकास हजार, अर्धा एमएल, आयएम. ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यातली अँप्युल फोडली, एक एमएलच्या सिरिंजमध्ये भरली, पँटवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला दिली. थोड्या वेळात बीपी चढलं, आवाज मोकळा झाला. मुलगी इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती, ती आता रडायला लागली.

दंडात कातडीखाली नको, मांडीच्या स्नायूत द्या, आणि आधी द्या, बाकी सगळं नंतर. हे मी कॉलेजात शिकलेले नाही. हे आलं एका सीएनईतून. रिन्यूअलसाठी पाच वर्षांत दीडशे तासांचं सतत शिक्षण लागतं, त्यातल्या एका व्याख्यानातून. आता इथेही खरं सांगायचं तर, माझे बरेचसे तास असे भरलेत की फोनवर वेबिनार चालू, फोन ओट्याच्या कडेला टेकवलेला आणि माझं लक्ष तव्यावरच्या भाकरीकडे. शेवटी लिंक आली की नाव टाकायचं, सर्टिफिकेट डाउनलोड. हे व्याख्यान तेवढं नेमकं ऐकलं गेलं होतं. नाइटिंगेलबाईंना मी त्या दुपारी मनातून सोडून दिलं. नोंदणीने चांगली नर्स ठरत नसेल. पण माणसाला अधूनमधून नवं शिकायला बसवायची दुसरी युक्ती कोणी काढलेली नाही, आणि माझ्यासारखीला तर बसवावंच लागतं.

पेशंट स्थिर झाला. मी नोट्स लिहायला घेतल्या: वेळ, औषध, डोस, मार्ग, कोणाच्या आदेशाने, दिल्यानंतरचं बीपी. खाली सही, नाव, रजिस्ट्रेशन नंबर. नंबराशी पेन अडलं. आजवर हजारदा लिहिलेला नंबर. मी तो लिहिला. चांगलं सुवाच्य अक्षर काढून लिहिला, कारण मला माहीत होतं की मी काय करतेय.

संध्याकाळी त्यांची बायको स्टेशनवर आली. खूप आभार मानले, आणि म्हणाली की मेडिक्लेम आहे, सगळ्या कागदांच्या प्रती लागतील, नर्सिंग नोट्ससकट.

म्हणून मी मेट्रन मॅडमकडे गेले. सद्सद्विवेक जागा झाला वगैरे लिहिता आलं असतं, शोभलंही असतं. पण माझे पाय वळले ते विमा कंपनीच्या भीतीने. कोणीतरी, कुठेतरी, एसीत बसून तो नंबर तपासेल, असं डोळ्यांसमोर आलं. पुढे कळलं की तिकडे कोणी तपासला नाही. क्लेम पास झाला. म्हणजे मी गप्प राहिले असते तर बहुधा निभावलं असतं. हे मला अजून टोचतं, कारण पुढच्या वेळी कोणी तरी याच हिशेबावर गप्प राहील.

मॅडम ओरडल्या नाहीत. कधी संपलं विचारलं. मग विचारलं, "तुला कधी कळलं?" मी तारीख सांगितली. त्यांनी भिंतीवरचा ड्युटी चार्ट पाहिला आणि त्या तारखेपासून बोट फिरवत आणलं. मग म्हणाल्या, "आधीचं मी समजू शकते. हे मी वर काय म्हणून सांगू?" रुग्णालयाची स्वतःची नोंदणी शुश्रूषागृह कायद्याखाली असते, तिचंही नूतनीकरण करावं लागतं, आणि नर्सेस नोंदणीकृत आहेत या भरवशावर ती मिळते. तीस-चाळीस माणसांच्या नोकऱ्या असलेल्या जागेला मी भोक पाडलं होतं, हे तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी फक्त माझ्या तोंडाची काळजी करत होते.

मला पेशंटपासून दूर केलं. रिन्यूअल हातात येईपर्यंत काही दिवस बिनपगारी, काही दिवस सीएसएसडीत, म्हणजे निर्जंतुकीकरणाच्या खोलीत गॉजच्या घड्या घालायला. एक मावशी मला घड्या शिकवायची आणि दर वेळी म्हणायची, "सिस्टर, कोपरा आत गेला पाहिजे." वॉर्ड तात्पुरता त्या पावतीवाल्या मुलीकडे गेला.

घरी सासूबाईंना बिनपगारीचं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुझं सर्टिफिकेट शिळं झालं." यापेक्षा नेमकं मला एनएबीएचच्या कागदांतही सापडलं नाही.

त्याच काळात पाहुणे आले म्हणून कार्ल्याच्या लेण्यांत गेले. दीर अशा वेळी हौसेने माहिती सांगतो. त्याच्याकडून ऐकलेलं: क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याने करजिक नावाचं गाव इथल्या भिक्षूंना दान दिलं आणि तसा लेख कोरवला. पुढे सातवाहनांनी क्षहरातांचा पाडाव केला. सत्ता बदलली, तर जुनं दान टिकलं का? नाही, मामालच्या अमात्याला नवी आज्ञा निघाली की तेच करजक गाव वलुरकाच्या, म्हणजे इथल्याच, भिक्षूंना देण्यात येत आहे, आणि तीही दगडात कोरली गेली. मामाल म्हणजे आपलं मावळ. राजाचं नाव झिजून गेलंय, गौतमीपुत्र सातकर्णी असावा असं अभ्यासक मानतात. पाहुणे वर लाकडी कमानींकडे बघत होते. दोन हजार वर्षं तग धरलेलं ते लाकूड खरंच बघण्यासारखं आहे. मला मात्र त्या दिवशी लेण्यात फक्त रिन्यूअल दिसत होतं. त्या भिक्षूंनी निदान वेळेत अर्ज केला असणार.

माझा अर्ज नावाच्या घोळात अडकला. विवाह नोंदणीचा दाखला काढला, प्रतिज्ञापत्र केलं, मोबाइल बदलून घेतला, सीएनईची सर्टिफिकेटं वर्षवार लावली. फीच्या जोडीला विलंब शुल्क. रक्कम बिनपगारीत गेलेल्या पैशांपुढे किरकोळ होती. मुलाने विचारलं, एवढंच होतं तर आधी का नाही भरलं? लहान मुलांना नको ते प्रश्न नेमके सुचतात.

पण सगळ्यात जड गेलं ते दुसरंच काम. मॅडमनी मला रेकॉर्ड रूममध्ये बसवलं आणि १ जानेवारीपासून मी जिथे जिथे सही केली आहे त्या केसपेपरांची यादी करायला सांगितली. यादीला दोन भाग पाडायचे: मला कळायच्या आधीचे आणि नंतरचे. पहिला भाग जाडजूड होता आणि तो लिहिताना हात भरभर चालला. दुसरा भाग छोटा. त्यात एक बाळंतपणानंतरचं रक्तदाबाचं चार्टिंग होतं, एक अपघाताची एमएलसी, म्हणजे पोलिसात नोंद जाणारी केस होती, मधमाशीवाले गृहस्थ होते. मी विचारलं, आता यावर दुसऱ्या कोणाची सही घ्यायची का? त्या म्हणाल्या, "लिहिलेल्या नोटवर मागाहून सही चढवली तर तो खाडाखोडीचा गुन्हा. जे आहे ते आहे. यादी फक्त यासाठी की कोणी विचारलं तर आपण आधी सांगितलेलं असेल." एमएलसीचे कागद वर्षानुवर्षं जपतात. कोर्टाची तारीख केव्हाही लागू शकते आणि लागली तर मला जाऊन तो नंबर कोणत्या दिवशी चालू होता ते सांगावं लागेल.

ऑगस्टमध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा मंजूर केला, १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी. आमच्या बॅचच्या ग्रुपवर त्याची पीडीएफ फिरली, खाली अंगठे आणि हात जोडलेली चित्रं. कोणी वाचली असेल असं वाटत नाही. मी वाचली. नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला शिक्षेची तरतूद असलेलं कलम शोधून दोनदा वाचलं. मग ग्रुपवर लिहिलं की प्रत्येकीने आपापली तारीख आज बघा, आणि माझं काय झालं तेही लिहिलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. रात्री तिघींचे वेगवेगळे फोन आले. एकीची मुदत संपून वर्ष झालं होतं. तिने मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "तुमच्याकडे कळलं कसं? कोणी सांगितलं?" मी सांगितलं, मीच. ती म्हणाली, "येडी आहेस." ती अजून ड्युटीवर असेल तर मला नवल वाटणार नाही, आणि तिला नावं ठेवायचा अधिकार मला नाही, हेही आहेच.

वॉर्ड मला परत मिळाला, फायलींचं काम मिळालं नाही. ते त्या मुलीकडेच राहिलं. तिने एक वही केली आहे, सगळ्यांच्या तारखा महिन्यावार लावलेल्या, मुदतीच्या सहा महिने आधी लाल शाईने खूण. माझी पुढची तारीख लांब आहे, तरी या जानेवारीत ती माझ्याकडे रिन्यूअल मागायला आली. मी झेरॉक्स पुढे केली. "मॅडम, ओरिजिनल दाखवा," म्हणाली. मी म्हटलं, घरी आहे, उद्या आणते.

"उद्या चालेल," ती म्हणाली, "पण तोवर खूण करत नाही."